रिकाम्या खणातली डिस्क

या सदरातले अनुभव मी नेहमी चहा पिता पिता वाचते आणि लिहिणाऱ्याला मनातल्या मनात खोटं पाडते. पांढरी साडी दिसली — दोरीवर कुणाची तरी वाळत असेल. दार आपोआप उघडलं — बिजागरी ढिली असेल. स्वभावच आहे तसा. भुतांवर माझा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर माणसांवरही फारसा नाही. दूधवाल्याने रोजच्यासारखं माप घातलं तरी मी पातेलं हलवून बघते. आमचे हे म्हणतात, तू पोलिसात जायची ती चुकून कॉम्प्युटरमध्ये गेलीस. तर अशा बाईवर इथे लिहायची वेळ आली आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

मी नाशिक रोडला एका खाजगी तपासणी केंद्रात सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय. केंद्राचं नाव सांगत नाही. तळमजल्यावर मशीन, वर डॉक्टरांची केबिन आणि जिन्यामागे बारा बाय दहाची सर्व्हर रूम. खिडकी नाही, एसी चोवीस तास चालू, दार एकच आणि किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी बागूलकाकांकडे.

बागूलकाका म्हणजे आमचे रेकॉर्डकीपर. मूळचे सटाण्याकडचे, पण नाशिक रोडला येऊन तीस वर्षं झालेली. आजची सर्व्हर रूम ही पूर्वी एक्स-रे फिल्मची खोली होती आणि तिथे काकांचं राज्य होतं. लोखंडी रॅक, प्रत्येक रॅकला तालुक्याचं नाव. पेशंट आला की काका नाव नंतर विचारायचे, आधी तालुका, आणि मिनिटात त्याचं जुनं पाकीट काढून हातात द्यायचे. पुढे फिल्म गेल्या, रॅक भंगारात गेले आणि त्या जागी एक काळी पेटी आली — आठ खणांची, प्रत्येक खणात एक डिस्क. मी डिस्कना नंबर देणार होते. काका म्हणाले, नावं द्या ताई, नंबर कुणाच्या लक्षात राहतात. म्हणून आमच्या डिस्कची नावं पडली नाशिक, निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी, पेठ, सुरगाणा आणि उरलेल्यांसाठी 'इतर'.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगते. ही पेटी नेटवर्कच्या वायरने सर्व्हरला जोडलेली आहे आणि सर्व्हर लिनक्सवर चालतो. लिनक्स काय करतं, जी डिस्क आधी सापडेल तिला पहिलं नाव देतं — एसडीबी, मग एसडीसी, मग एसडीडी. सर्व्हर बंद करून चालू केला की हा क्रम बदलू शकतो. बालवाडीत जे पोर आधी आत शिरेल त्याला एक नंबर, असा कारभार. अशाने सिन्नरच्या आजोबांचा मणका निफाडच्या बाईंच्या नावावर जायला कितीसा वेळ? म्हणून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. ती दर तासाला नेटवर्कवर विचारते, कोण कोण हजर आहे. मग एकेका डिस्कचा सिरियल नंबर वाचते. हा नंबर कारखान्यातच डिस्कच्या आत नोंदलेला असतो, ती कुठल्याही खणात ठेवा, बदलत नाही. तो माझ्या यादीशी ताडून स्क्रिप्ट डिस्कला तिचं खरं नाव लावते आणि जोडीला तिचं तापमान टिपून ठेवते, कारण डिस्क फार तापल्या की मरतात. रोज सकाळी सातला मला मेल येतो. आठ नावं, आठ नंबर, आठ तापमानं. एसीमुळे सगळ्या एकतीस-बत्तीस अंशांवर.

माझी ही स्क्रिप्ट कधी फसली नाही. खणांची अदलाबदल झाली तरी नाही — आणि ती दरवर्षी व्हायचीच. कारण आमच्याकडे खंडेनवमीला डिस्कची पूजा होते.

हसू नका. माझं माहेर मखमलाबादचं, फुलशेतीवालं. तिथे त्या दिवशी विळे, कात्र्या, फवारणीचा पंप, सगळं धुऊन पाटावर मांडतात. ऑफिसात काका रॅकना हळदीकुंकू लावायचे, रॅक गेल्यावर डिस्कना लावायला लागले. मी म्हटलं, पेटीला लावा की, झालं. त्यांना पटेना. राबतात त्या डिस्क, पेटी नुसती बसून असते, असं त्यांचं म्हणणं. मग दरवर्षी पेटी बंद करायची, आठही डिस्क त्यांच्या ट्रेसकट ओढून काढायच्या, काकांनी पुसायच्या, ट्रेला बोटभर हळदीकुंकू, वर एक झेंडू, नमस्कार, आणि पुन्हा आत. कुठलाही शहाणा अ‍ॅडमिन हे करू देणार नाही. मी करू द्यायचे, कारण कुठली डिस्क कुठल्याही खणात गेली तरी माझी स्क्रिप्ट तिला ओळखणार. गर्वच होता म्हणा ना.

मागच्या वर्षी खंडेनवमीला मी नेहमीसारखी दादाच्या शेतातली फुलं घेऊन गेले. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मखमलाबादला तोच शेती बघतो. काका खाली सतरंजीवर बसून पुसत होते, एकेक माझ्या हातात देत होते, मी टेबलावर मांडत होते. पूजा झाली. बाहेर रिसेप्शनवर पेढे वाटणं चाललेलं, त्यात सासूबाईंचा फोन, त्यात डॉक्टरांनी फोटोसाठी बोलावलं... मी डिस्क खणांत सरकवल्या, पेटीचं झाकण लावलं, हिरवे दिवे लागलेले बघितले आणि घरी गेले. दिवे मोजले नाहीत. दसऱ्याला सुट्टी. त्या सकाळचा मेल मी उघडला नाही, दिवसभर सोनं वाटत फिरले. एकादशीला सकाळी दोन्ही मेल एकदम बघितले.

सात डिस्क. सुरगाणा नाही.

तशीच स्कूटर काढून ऑफिस गाठलं. झाकण उघडलं तर सहावा खण रिकामा. टेबलाखाली, कपाटामागे, कचऱ्याच्या डब्यात, सगळीकडे शोधलं. दार फोडलेलं नाही. किल्ल्या दोन, म्हणजे माणसं दोन, आणि त्यातली एक मी.

आता इथे एक गोष्ट कबूल करते. बॅकअप होता, पण सुरगाण्याचा जुलैअखेरपर्यंतचाच. बॅकअपची जागा भरली होती आणि नवीन सोय मी आज करू, उद्या करू म्हणत पुढे ढकलली होती. म्हणजे भातलावणी उरकून जीपने चार-चार तास खडखडत आलेल्या लोकांचे दोन महिन्यांचे स्कॅन गेले, आणि त्यात निम्मी चूक माझी होती. डॉक्टर हे विचारायच्या आत मला दुसरं कुणीतरी हवं होतं. त्या वेळी हे असं शब्दांत आलं नव्हतं. आज येतंय.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये काका एकच वाक्य बोलत राहिले. "मी आठ पुसल्या साहेब, आठ ताईंच्या हातात दिल्या." मी म्हटलं, माझ्या हातात आलेली प्रत्येक डिस्क मी आत घातली. डॉक्टरांनी कॉरिडॉरमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. त्यात काका खांद्याला पिशवी अडकवून बाहेर पडताना दिसले. पिशवीत काय होतं? डबा होता, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, पोलिसात देत नाही, पण छडा लागेपर्यंत कामावर येऊ नका. मार्चमध्ये काका रिटायर होणार होते. तीस वर्षं ज्या माणसाने एक फिल्म हरवली नाही, तो चोर म्हणून घरी गेला. जाताना त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, बघतील कसे.

पुढच्या मंगळवारी सकाळी सातचा मेल आला, त्यात आठ डिस्क होत्या.

निफाड, सिन्नर, दिंडोरी... आणि सुरगाणा. सिरियल नंबर तोच, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. मला पहिल्यांदा बरंच वाटलं. म्हटलं, काकांना भीती वाटली, गुपचूप परत आणून ठेवली. पण किल्ली तर माझ्याकडे होती. ऑफिसात जाऊन झाकण उघडलं, सहावा खण रिकामा. पेटीच्या छोट्या पडद्यावर आकडा सात. सर्व्हरच्या पडद्यावर आठ.

आता तुमच्यातले जाणकार म्हणतील, जुनी नोंद अडकली असेल. मीही तेच म्हटलं. सगळी जोडणी तोडली, जुन्या नोंदी पुसल्या, सर्व्हर बंद करून चालू केला. आठ. पेटी बंद केली, शून्य. चालू केली, आठ. स्क्रिप्ट बाजूला ठेवून हाताने एकेक कमांड दिली. आठ. मग माझा संशय माणसांकडे वळला, ते मला जास्त जमतं. कुणीतरी दुसरी डिस्क नेटवर्कला लावून तिला हा नंबर दिला असेल. मी नेटवर्कच्या स्विचमधून निघणारी एकेक वायर हाताने धरून शेवटपर्यंत गेले, छतातल्या पट्ट्या उघडल्या, रिसेप्शनच्या टेबलाखाली रांगले. रिसेप्शनवालीने विचारलं, मॅडम, कानातलं पडलं का? काही सापडलं नाही. आत काय आहे ते वाचायला गेलं की सर्व्हर म्हणायचा, डिस्क तयार नाही. म्हणजे ओळख द्यायची, पण आत घ्यायची नाही.

आणि तापमान. बाकीच्या सात एकतीसवर. सुरगाणा सकाळी सातला एकोणीस.

तुम्ही म्हणाल, चुकीचा आकडा. मीही म्हटलं. पण तो हलत होता. दहा वाजता सव्वीस, दुपारी दोनला सदतीस. चारच्या सुमाराला एकदम पाच-सहा अंशांनी खाली, मग पुन्हा थोडा वर, आणि अंधार पडला की हळूहळू उतरत एकोणीस. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच, फक्त त्या दिवशी नाशिकला ढग होते, तर दुपारी सदतीसऐवजी एकतीस. मी स्क्रिप्ट दर तासाऐवजी दर दहा मिनिटांनी चालेल आणि आकडे माझ्या फोनवर येतील अशी केली आणि मनमाडला रेल्वेत कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या माझ्या वर्गमित्राला सगळे आकडे पाठवले. तो म्हणाला, नोंद अडकली असेल. मी विचारलं, अडकलेली नोंद ढग आले तर गार पडते का? त्यावर त्याने, बघून सांगतो, म्हणून फोन ठेवला. अजून बघतोय.

खरं तर तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. पण मी घाबरले नाही, उलट मला जोर चढला. डिस्क कुठेतरी आहे, ती चालू आहे, आणि कशी ते कळत नसलं तरी आपल्या नेटवर्कला जोडलेली आहे. एवढं धरून चाललं की पुढचं सोपं होतं. एसी नाही. दुपारी तापतं, पहाटे गार पडतं. म्हणजे वर पत्रे आहेत. आणि बागूलकाकांच्या घरावर पत्रे होते, हे मला माहीत होतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मी त्यांच्याकडे गेले. रिकाम्या हाताने कशी जाणार, म्हणून ऑफिसच्या मिठाईचा बॉक्स नेला. इतकी मी पोचलेली. काकांनी दार उघडलं, या ताई म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, "त्या बाईनं काय काम शे आठे?" म्हणजे माझं इथे काय काम. काकांनी त्यांना गप्प केलं आणि मला खुर्ची दिली. दोन खोल्या, वर पत्रे, एका कोपऱ्यात शिलाई मशीन. मी इकडचं तिकडचं बोलत होते आणि डोळ्यांनी वायर शोधत होते. टीव्हीमागे बघितलं, फळीवर बघितलं. काकांना ते दिसत होतं. थोड्या वेळाने ते उठले, पलंगाखालची पेटी ओढली आणि एकेक वस्तू काढून माझ्यासमोर जमिनीवर मांडायला लागले. साड्या, लग्नातला कोट, गणपतीच्या माळा, नातवाचे लहानपणचे कपडे. मग गोदरेज उघडलं. मग स्वयंपाकघरातले डबे. मी, असू द्या काका, असू द्या काका म्हणत राहिले, पण उठले नाही. बघत बसले.

सगळं मांडून झाल्यावर म्हणाले, "झालं समाधान? आता पुन्हा येऊ नका."

मी फोन बघितला. चार वाजून गेले होते आणि सुरगाण्याचा आकडा नेहमीसारखा सहा अंशांनी खाली आला होता. त्या घरात काहीच गार झालं नव्हतं. पत्रे तसेच तापलेले, माझी पाठ घामाने ओली. म्हणजे डिस्क तिथे नव्हती, हे माझ्याच स्क्रिप्टने माझ्या हातात लिहून दिलं होतं. तरी बाहेर पडताना मी काय विचार केला असेल? दुसरीकडे ठेवली असेल, मुलीच्या घरी. स्वतःचा राग येतो हे लिहिताना.

भाऊबीजेला मखमलाबादला गेले. ओवाळणं झालं, जेवणं झाली, दुपारी वहिनीबरोबर गप्पा मारत ओसरीत बसले होते. समोरच शेड. चार खांब, वर पत्रे, खाली बाजारासाठी तोडलेल्या झेंडूचे ढीग. दादा उठला, पाईप घेतला आणि ढिगांवर, पोत्यांवर, वर पत्र्यावर पाणी मारायला लागला. लहानपणापासून बघते आहे मी हे. ऊन कलायला लागलं की फुलं सुकू नयेत म्हणून पाणी मारायचं. पत्र्यावरून वाफ निघाली, ओल्या झेंडूचा वास आला आणि अंगावर गार झुळूक आली.

मी वहिनीला विचारलं, किती वाजले गं? ती म्हणाली, चार.

मी फोन काढून नोंदी उघडल्या. तीन पन्नास — सुरगाणा, छत्तीस. चार वाजता — पस्तीस. मी तिथेच उभी राहिले. दादाने पाईप बंद केला. चार दहा — तीस.

वहिनीला म्हटलं, दसऱ्याच्या दिवशी मी इथे आले होते, फुलांची पिशवी परत आणली होती, ती कुठाय? ती म्हणाली, असेल रिकाम्या पिशव्यांत. शेडमध्ये मागे एका क्रेटमध्ये पिशव्या कोंबलेल्या होत्या, वर ओलं पोतं. मी एकेक उपसली. सगळ्यांत खाली माझी. आत वाळलेला झेंडू, त्याखाली काकांचं पिवळं पुसायचं फडकं, आणि फडक्यात गुंडाळलेली डिस्क. ट्रेवर हळदीकुंकू तसंच.

मला आजही आठवत नाही. टेबलावरची उरलेली फुलं पिशवीत भरताना मीच ती उचलली असणार, दुसरं कोण उचलणार? फोन कानाला, डॉक्टर हाक मारतायत, आणि फडक्यासकट ती फुलांबरोबर पिशवीत. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात काका पिशवी घेऊन जाताना दिसले होते. त्याच कॅमेऱ्यात पाच मिनिटांनी मीही पिशवी घेऊन गेले असणार. पण तिथपर्यंत रेकॉर्डिंग कुणी बघितलंच नव्हतं. गरजच वाटली नाही कुणाला.

त्या शेडमध्ये एक दिवा आहे, तोही गेल्या पावसापासून बंद. डिस्कला वायर नव्हती, वीज नव्हती, नेटवर्क नव्हतं. ती नाशिक रोडपासून पंधरा-एक किलोमीटरवर, ओल्या पोत्याखाली एका फडक्यात पडून होती. बंद डिस्क स्वतःचं तापमान मोजत नाही, मोजूच शकत नाही. आणि दोन-अडीच आठवडे ती दर वेळी विचारल्यावर सांगत होती, मी सुरगाणा, हा माझा नंबर, मला एवढं ऊन लागतंय. डिस्क हातात घेऊन मी पुन्हा फोन बघितला. चार वीसच्या यादीत सात नावं होती. त्यानंतर ती पुन्हा दिसली, ती दुसऱ्या दिवशी मी तिला सहाव्या खणात घातल्यावर. एकतीस अंश. आतले सगळे स्कॅन शाबूत.

दादा विचारत होता काय झालं, आणि मला रडू आलं. भीतीने नाही, लाजेने. भीती घरी गेल्यावर वाटली.

डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं, डिस्क माझ्याकडून गेली होती. मला वाटलं होतं आता माझी पाळी. तर ते खुर्चीत मागे रेलले आणि हसले. "अहो, सणाच्या गडबडीत होतं असं कुणाचंही. सापडली ना, विषय संपला." जेमतेम दोन मिनिटं. मी विचारलं, आणि बागूलकाका? ते म्हणाले, हो हो, त्यांना सांगा या म्हणून. स्वतः फोन केला नाही. मीही, तुम्हीच करा, असं म्हटलं नाही.

मग मी एकटीच गेले, या वेळी मिठाई न घेता. काकू बाहेर आल्या नाहीत. काकांनी सगळं ऐकून घेतलं, शेड, पाणी, तापमान, सगळं. पहिलं काय विचारलं माहीत आहे? सुरगाण्याच्या लोकांचे फोटो आहेत ना नीट. आहेत म्हटल्यावर मान हलवली. कामावर चला म्हटलं तर म्हणाले, नाही ताई, मार्चपर्यंत घरीच बरा आहे मी.

आणि मग मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, तेही विचारलं. म्हटलं काका, खरं सांगा, तुम्ही काही केलं होतं का? कुणाला सांगून काही करवून घेतलं होतं का? कारण डिस्क आपोआप अशी दिसत नाही.

ते म्हणाले, "मला तुमचा पासवर्ड तरी माहीत शे का?"

मी खाली बघितलं. मग ते पुन्हा बोलले, अगदी साध्या आवाजात. "घरी आल्यावर रात्रभर विचार केला मी. आठ तर दिल्या होत्या. मग आठवलं, फुलं भरत होत्या तुम्ही. दुसऱ्या दिवशी येऊन सांगणार होतो की ताई, तुमच्या पिशवीत बघा. मग नाही आलो. मी सांगितलं असतं, तर तुम्ही बघितलं असतं का?"

या गोष्टीला वर्ष होत आलं. या वर्षी खंडेनवमीला मी पेटीलाच हळदीकुंकू लावलं, डिस्क काढल्या नाहीत. त्या दिवसांच्या सगळ्या नोंदी माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. तारीख, वेळ, नंबर, तापमान. दोन जाणकारांना दाखवल्या. एक म्हणाला पेटीत दोष असेल, दुसरा म्हणाला तुम्हीच आकडे बनवले असतील. दुसऱ्याचा राग आला नाही, त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाट बघते आहे, कारण माझ्याकडे याला काही उत्तर नाही.

काकांनी विचारलं त्याचं उत्तर मात्र मला तेव्हाच माहीत होतं. त्यांच्यासमोर बसून ते मी दिलं नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि निघाले.